बोगनवेल नुसतीच वाढतेय, फुलत नाही: आधी ताणाचं, म्हणजे पाणी तोडण्याचं, बोलू

ताई, तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे माझं काही चुकत असेल तर तुम्हाला पकडता येईल. नागपुरात मानेवाड्याला तिसऱ्या मजल्यावर गच्ची आहे. दोन वर्षांपूर्वी नर्सरीतून राणी रंगाच्या फुलांनी लगडलेली बोगनवेल आणली. ती फुलं महिनाभरात गळाली आणि त्यानंतर आजपर्यंत एकही आलं नाही. झाड मात्र सात फुटांवर गेलंय, पानं तळहाताएवढी झालीत. सकाळ-संध्याकाळ एकेक मग पाणी, महिन्यातून एकदा भिजवलेल्या शेंगदाणा पेंडीचं पाणी, आणि मध्ये एकदा शेजारच्या काकांनी दिलेला चिमूटभर युरिया. दिवाळीत आठ दिवस गावाला गेलात, परत आलात तर अर्धी पानं खाली पडलेली. घाबरून तुम्ही पाणी दुप्पट केलंत. आता शेंड्याची पानं पिवळी पडायला लागलीत. आणि तुम्ही विचारताय की फुलं यायला कोणतं खत घालू, आणि उन्हाळ्यात मरू नये म्हणून पाणी किती वाढवू.

मला विचाराल तर या दोन्ही प्रश्नांचं तोंड उलट्या दिशेला आहे. तुमचं झाड उपाशी नाही आणि आजारीही नाही. ते मजेत आहे. रोज दोनदा पाणी, महिन्याला पेंड, वर युरिया. एवढ्या लाडात बोगनवेलीला फुलण्याचं कारणच उरत नाही. ती पानं काढते, फांद्या लांबवते, काटे वाढवते. खरी अडचण अशी आहे की दिवाळीत ती फुलायच्या बेताला आली होती, आणि नेमकं तेव्हाच तुम्ही तिला परत पाण्यात बुडवलंत. पानं गळाली म्हणून वाईट वाटून घेऊ नका. थोडा धीर धरून पाणी बेतानं दिलं असतं, तर महिनाभरात रंग दिसायची बरीच शक्यता होती.

हे मी नुसत्या वर्णनावरून लिहितोय, झाड पाहिलेलं नाही. त्यामुळे काही गोष्टी तुमच्याकडच्या परिस्थितीवर सोडाव्या लागतील. सगळ्यात पहिली गोष्ट ऊन. पाच-सहा तास थेट ऊन लागत नसेल तर पुढचं सगळं वाचून उपयोग नाही. गच्ची आहे म्हणजे ऊन आहे असं लोक धरून चालतात, पण पाण्याच्या टाकीची किंवा शेजारच्या नव्या इमारतीची सावली कुंडीवर किती वेळ असते ते एकदा सुट्टीच्या दिवशी बघा. दुसरं म्हणजे जात. जुनी राणी रंगाची दणकट असते, दोन रंगांची मेरी पामरही तशी समजूतदार. पानांवर पिवळे-पांढरे पट्टे असणारी थिम्मा संथ वाढते, तिला इतकं जोरात छाटून चालत नाही. तिसरं, कुंडी किती मोठी आहे ते तुम्ही लिहिलेलं नाही. मी चौदा-सोळा इंची धरून चालतो.

आता एक काम करा. झाडाजवळ जा आणि एखादी लांब, सरळ वाढलेली फांदी हातात घ्या (हातमोजे घालून). प्रत्येक पानाच्या बगलेत बघा. तिथे एक काटा असेल, किंचित वाकलेला, टोकाला कडक. आता कधी रस्त्याच्या दुभाजकातली फुललेली बोगनवेल जवळून बघायला मिळाली तर तिचीही तीच जागा बघा. पानाच्या त्याच बगलेतून फुलाचा दांडा निघालेला दिसेल. म्हणजे काटा आणि फूल ही बोगनवेलीत एकाच जागेची दोन रूपं आहेत. त्या जागी काटा काढायचा की फुलाचा दांडा, हे झाड त्या वेळच्या परिस्थितीवर ठरवतं. पाणी आणि नत्र (नायट्रोजन) भरपूर, सावली थोडी जास्त, की काटा. ऊन कडक, पाणी बेताचं, वाढ मंदावलेली, की फूल. तुमच्या सात फुटी फांद्यांवर जेवढे काटे आहेत ना, ती सगळी न फुललेली फुलं समजा.

आणि ज्याला आपण फूल म्हणतो ते खरं तर फूल नाहीच. रंगीत दिसतात ती पानं आहेत, शास्त्रात त्यांना छद म्हणतात. तीन छद एकत्र येतात आणि प्रत्येकाच्या मधल्या शिरेला एक बारीक पांढुरकी नळी चिकटलेली असते. ती नळी म्हणजे खरं फूल. छदांतला लालसर-जांभळा रंग बीटात असतो त्याच गटातला. या झाडाचं कुळ गुलबक्षीचं आणि पुनर्नव्याचं. पावसाळ्यात गच्चीच्या फटीत, फुटपाथच्या कडेला पसरणारी ती पुनर्नवा कोणी पाणी न घालता कशी तग धरते ते आपण बघतोच. बोगनवेल मूळची दक्षिण अमेरिकेतली. १७६७ साली बूगनव्हिल या फ्रेंच दर्यावर्दीच्या सफरीत कोमर्सां नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञानं ती रिओ दि जानेरोजवळ पाहिली आणि आपल्या कप्तानाचं नाव तिला दिलं. पाऊस आणि कोरडा काळ असा पाळीपाळीनं येणारं हवामान तिला मानवतं, म्हणून आपल्या नागपुरात ती इतकी रुळली. इथे तिला माणसानं फार काही करावं लागत नाही. उलट, फार काही केलं की बिघडते.

हे मला सहज समजलं असं नाही. नर्सरी टाकून दोनच वर्षं झाली होती, घरी एक थिम्मा मोठ्या कौतुकानं वाढवली होती. उन्हाळ्यात उन्हानं होरपळू नये म्हणून ती नेमकी कूलरच्या खिडकीखाली ठेवली. कूलरचं पाणी टपटप तिच्या कुंडीत पडायचं. मला वाटलं, आपोआप ठिबक झालं! दोन उन्हाळे गेले, एक फूल नाही. पानांच्या कडा मात्र करपायला लागल्या. सासरे काटोलकडचे, घरचा संत्र्याचा बगीचा. एकदा चहा पिता पिता त्यांनी कुंडीकडे बघितलं आणि म्हणाले, "जवाईबुवा, याले ताण कवा देल्ला तुमी? रोज पानी पेऊन राह्यलं त फुलंन कायले?" मी हसण्यावारी नेलं. पण रात्री विचार केला तेव्हा पटलं. करपलेल्या कडांचं कोडंही मग सुटलं. कूलरमध्ये तेच पाणी फिरून फिरून उडत राहतं, मागे क्षार साठत जातात. खसच्या ताट्यांवर पांढरा खार धरतो, तोच खार मी रोज कुंडीत घालत होतो.

काटोल-नरखेडच्या बाजूला ज्यांचं कोणी आहे त्यांना ताण काय ते सांगायला नको. इतरांसाठी थोडक्यात सांगतो. संत्र्याला बहार धरायचा असेल तर आधी काही आठवडे बागेचं पाणी तोडतात. पानं मलूल होतात, थोडी गळतात, झाडाची वाढ थांबते. मग हलकं पाणी देऊन ताण तोडतात, पुढे पाणी वाढवतात आणि खत देतात, की बहार फुटतो. आंबिया बहाराचा ताण हिवाळ्यात, त्याची फुलं जानेवारी-फेब्रुवारीत. मृग बहाराचा ताण उन्हाळ्यात, आणि तो बहुतेक वेळा पहिला पाऊसच तोडतो. भारी काळ्या जमिनीत ओल टिकते, म्हणून ताण जास्त दिवस द्यावा लागतो, आणि हलक्या मुरमाड जमिनीत कमी. बोगनवेलीला हेच तत्त्व लागू आहे. झाड म्हणजे फांदी वाढवणारं यंत्र, आणि ताण म्हणजे त्याला "आता थांब" असं सांगणं.

पण ही तुलना एका मर्यादेपर्यंतच ओढा. संत्रा जमिनीत असतो, मुळं खोल गेलेली असतात, त्याला आठवड्यांचा ताण झेपतो. तुमची बोगनवेल बादलीभर मातीत आहे. कुंडीतला ताण दिवसांत मोजायचा, आणि तोही हवामान बघून. फेब्रुवारीत चार-पाच दिवस पाणी नाही दिलं तर ताण पडतो. मे महिन्यात तीन दिवस नाही दिलं तर झाडाची जळालेली काडी हातात येईल. "बोगनवेलीला पाणी लागतच नाही" असं छातीठोकपणे सांगणारे लोक असतात, त्यांचं ऐकून नवतपात (मे अखेरच्या सगळ्यात तापलेल्या नऊ दिवसांत) झाड कोरडं ठेवू नका. पाणी कमी लागतं आणि पाणी लागत नाही, या दोन गोष्टींत मेलेल्या झाडाचा फरक आहे.

मग नर्सरीतून आणली तेव्हा कशी फुललेली होती, असं तुम्ही विचाराल. नर्सरीत रोप लहान पिशवीत असतं, मुळांना जागा नसते, दिवसभर उघड्यावर ऊन. लहान पिशवी लवकर सुकते, म्हणजे रोज थोडा ताण आपोआप बसतो. शिवाय बाहेरून येणाऱ्या मालावर पुष्कळदा वाढ रोखणारी औषधं वापरलेली असतात, म्हणून रोप ठेंगणं आणि फुलांनी भरलेलं दिसतं. त्यांचा असर काही महिन्यांनी ओसरतो. मग तुम्ही मोठ्या कुंडीत, ताज्या मातीत लावता, दोन वेळा पाणी घालता. झाडाला वाटतं, आता काय, मोकळं रान! यात तुमची फसवणूक झाली असं मी म्हणणार नाही. पण रोप विकत घेताना फुलं मोजू नका. खालची खोडं किती आहेत, जाडजूड आहेत का, आणि पिशवीतली मुळं गोल गोल गुंडाळलेली तर नाहीत ना, ते बघा.

पाणी कसं द्यायचं ते नीट सांगतो, कारण सगळं त्यावरच आहे. रोज एक मग ही सवय सोडा. त्या मगभर पाण्यानं वरची चार बोटं माती कायम ओली राहते आणि खालची एकतर कोरडी, नाहीतर चिखल. द्यायचं तेव्हा खालच्या भोकातून पाणी वाहीपर्यंत द्या. मग थांबा. पुढचं पाणी कधी? बोट दोन पेरं मातीत घालून बघा, कोरडं लागलं पाहिजे. त्याहून चांगली खूण पानांची आहे, पण ती वेळ बघून वाचायची. दुपारी दोन वाजता पानं लोंबलेली दिसली तर लगेच धावू नका, आपल्याकडच्या उन्हात ओल्या मातीतलं झाडही दुपारी मान टाकतं. संध्याकाळी सातला जाऊन बघा. ऊन उतरल्यावरही पानं सावरली नसतील, तर समजा आता खरी तहान आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी द्या. पान मऊ पडणं चालेल, कुरकुरीत होणं चालणार नाही. कुंडी उचलता येत असेल तर पाणी दिल्यावर एकदा आणि सुकल्यावर एकदा उचलून बघा. आठवड्याभरात हात बरोबर सांगायला लागतो.

माझ्या गच्चीवर चौदा इंची मातीच्या कुंडीला डिसेंबर-जानेवारीत पाच-सहा दिवसांनी पाणी पडतं, फेब्रुवारीत चार दिवसांनी. मार्चमध्ये दिवसाआड, एप्रिलमध्ये जवळपास रोज. मे महिन्यात रोज पहाटे एक भरपूर पाणी, आणि नवतपात लहान कुंड्यांना संध्याकाळीही थोडं. हे आकडे माझ्या गच्चीचे आहेत. तुमची कुंडी प्लास्टिकची असेल तर माती उशिरा सुकते, म्हणून हिवाळ्यात अंतर वाढवा. आणि प्लास्टिकची काळी कुंडी असेल तर उन्हाळ्यात तिची पश्चिमेची बाजू हात लावून बघा, चटका बसतो. आतल्या मुळांचंही तेच होतं. कुंडीपुढे एखादी रिकामी कुंडी किंवा विटांची ओळ उभी करा, झाडाला ऊन लागू द्या, कुंडीला नको. खाली दोन विटा ठेवा. एक तर स्लॅबची आग थेट लागत नाही, दुसरं भोक मोकळं राहतं. आणि खाली ताटली असेल तर आजच काढून टाका.

आता ती पिवळी पानं. पिवळी होण्याचे दोन प्रकार असतात. खालची, जुनी पानं सबंध पिवळी होऊन गळत असतील तर बहुतेक पाणी जास्त झालंय, नाहीतर पान म्हातारं झालंय. तुम्ही लिहिलंय शेंड्याची, म्हणजे नवी पानं. त्यांच्या शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा असेल तर ते लोह कमी पडल्याचं लक्षण. आपल्याकडच्या काळ्या मातीत चुन्याचं प्रमाण जास्त असतं, बोअरचं पाणीही जड. अशा मातीत लोह असूनही मुळांना उचलता येत नाही. त्यातच माती सतत ओली राहिली की मुळं गुदमरतात आणि पिवळेपणा वाढतो. म्हणून आधी माती सुकू द्या. पंधरा दिवसांनीही नवी पानं पिवळीच आली तर एक लिटर पाण्यात पाच ग्रॅम हिराकस (फेरस सल्फेट) आणि अर्ध्या लिंबाचा रस घालून, गाळून, संध्याकाळी पानांवर फवारा. दहा दिवसांनी पुन्हा एकदा. हे मिश्रण फरशीवर सांडलं तर तांबडे डाग पडतात आणि ते जात नाहीत. मी आमच्या घरमालकांच्या शिव्या खाल्ल्यात.

कुंडीचं भोक तुंबलंय का तेही बघून घ्या. कुंडी आडवी करा, खालून एक काडी घालून बघा. मातीला आंबूस वास येत असेल तर मुळं कुजायला लागलीत आणि माती बदलावीच लागेल. वास नसेल तर आता हात लावू नका, जूनच्या पहिल्या पावसानंतर बदला. बोगनवेलीची मुळं बारीक आणि ठिसूळ असतात, माती धरून ठेवत नाहीत. कुंडी बदलताना गोळा फुटला तर झाड दोन-तीन महिने रुसतं, कधी मरतंही. प्लास्टिकची कुंडी असेल तर सरळ कापून काढा, शंभर रुपयांसाठी झाड गमावू नका. नवी माती अशी करा: दोन भाग बागेची माती, एक भाग बारीक मुरूम किंवा कन्हान नदीची जाड रेती, एक भाग पूर्ण कुजलेलं शेणखत. नुसती काळी माती भरली तर पावसाळ्यात चिखल होतो आणि उन्हाळ्यात आकसून कुंडीच्या कडेनं भेग पडते. मग वरून घातलेलं पाणी त्या भेगेतून खाली निघून जातं, मधला गोळा कोरडाच. आणि नवी कुंडी जुनीपेक्षा दोनच इंच मोठी घ्या. मुळं थोडी दाटीत असली की ही जास्त फुलते.

छाटणीला आत्ता, फेब्रुवारीत, चांगली वेळ आहे, कारण बोगनवेल नव्या फुटव्यावर फुलते. सात फुटी सरळ दांडे एक तृतीयांशावर आणा, म्हणजे साधारण सव्वादोन-अडीच फुटांवर. छाती धडधडेल, पण करा. आतल्या बाजूला वळलेल्या, सुकलेल्या, पेन्सिलपेक्षा बारीक लुळ्या फांद्या बुडापासून काढा. सिकेटर (छाटणीची कात्री) धारदार हवा, काप डोळ्याच्या, म्हणजे फांदीवरच्या कोंबाच्या, थोडा वर घ्या. कापलेल्या फांद्या कचऱ्याच्या पिशवीत कोंबू नका, हे मी प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगतो. ती पिशवी उघड्या हातांनी उचलणारा माणूस असतो, आणि बोगनवेलीचा काटा आत मोडला की पिकतो. गच्चीच्या कोपऱ्यात सुकू द्या, मग तुकडे करून कागदात गुंडाळून, वेगळं सांगून द्या.

खताचं. पेंड बंद. युरिया तर बंदच, आणि शेजारच्या काकांना नमस्कार सांगा. पेंड वाईट नाही, पण ती नत्र देते आणि नत्र म्हणजे पानं. छाटणीनंतर एकदा, चौदा इंची कुंडीला एक चहाचा चमचा १०:२६:२६ (नत्र कमी, स्फुरद-पालाश जास्त असलेलं खत), कडेकडेनं पेरून मातीत मिसळा आणि वर पाणी द्या. एवढं या हंगामाला पुष्कळ. चहाची पत्ती, केळ्याची सालं, अंड्याची टरफलं यांबद्दल मला खूप विचारतात. घातली तर झाड मरत नाही, पण त्यानं फूलही येत नाही. आणि आधीच चुनखडी असलेल्या मातीत अंड्याची टरफलं घालून काय मिळवणार?

म्हणजे तुमच्या झाडासाठी पुढचे दोन महिने असे जातील. या आठवड्यात ताटली काढणं, छाटणी आणि तो एक चमचा खत. पुढचे अडीच-तीन आठवडे पाणी माती सुकली की भरपूर, म्हणजे फुटवे येतील. या काळात ताण देऊ नका, फुटव्याला पाणी लागतं. फुटवे वीतभर झाले की शेंडे नखानं खुडा, आणि तिथून ताण सुरू. प्रत्येक पाण्याआधी पान मऊ पडेपर्यंत थांबायचं. दोन-तीन पाळ्यांत फुटव्यांच्या टोकाकडे पानाच्या बगलेत काट्याऐवजी बारीक रंगीत ठिपके दिसायला लागतील. ते दिसले की पाणी नेहमीसारखं करा, नाहीतर कळ्या गळतील. छाटणीपासून रंग भरेपर्यंत सहा ते आठ आठवडे धरा, म्हणजे मार्च अखेर ते एप्रिल. पहिल्या वेळी भरभरून येईलच असं मी म्हणत नाही, दोन वर्षांची सवय मोडायची आहे. पण बहर ओसरल्यावर पुन्हा हलकं छाटलं तर पुढचा बहर जास्त दाट येतो.

जून ते सप्टेंबर मात्र फुलांची आशा धरू नका. वर्षाचा जवळपास सगळा पाऊस, हजार-अकराशे मिलिमीटर, या चार महिन्यांत पडतो, ढग असतात, त्यात ती पानंच काढणार. भोक तुंबू न देणं एवढंच तुमचं काम. झड लागली तर कुंडी थोडी कलती करून ठेवा. सप्टेंबरच्या मध्याला पुन्हा हलकी छाटणी करा. पाऊस सरला की ऑक्टोबरात ताण आपोआप बसतो आणि नोव्हेंबरात रंग दिसतो. तुमच्या दिवाळीतल्या पानगळीचं गणितही हेच होतं.

किडींचं फारसं काही नाही. पांढरा कापसासारखा पिठ्या ढेकूण फांद्यांच्या बेचक्यात दिसला तर पाण्याचा जोरदार फवारा, मग निंबोळी तेल आणि साबणाचं पाणी. मुंग्यांची रांग खोडावर दिसली की आधी तिथेच शोधा.

तुम्ही शेवटी विचारलंय की गच्चीऐवजी खाली फाटकाजवळ जमिनीत लावली तर बरं का. जागा असेल तर जरूर लावा, तिथे तुम्हाला काम कमी. फक्त काळ्या मातीत दोन फूट लांब, रुंद, खोल खड्डा करून त्यात मुरूम आणि शेणखत मिसळा, आणि पावसाचं पाणी जिथे साचतं ती जागा टाळा. पहिले दोन उन्हाळे आठवड्याला पाणी द्या, मग जवळपास विसरून जा. पण ती भिंतीवर, तारांवर, शेजाऱ्यांच्या गाडीवर जाईल, तेव्हा वर्षातून दोनदा छाटणारा माणूस धरून ठेवा. आणि मुलं खेळतात त्या बाजूला लावू नका, काटे डोळ्यांच्या उंचीवर येतात.

छाटलेल्या फांद्यांतल्या पेन्सिलीएवढ्या जाड, वीतभर काड्या फेकू नका. राणी रंगाची सहज लागते. रेती आणि माती सम प्रमाणात घेऊन सावलीत लावा, दोन डोळे मातीत, दोन बाहेर. दहा लावल्या तर चार-पाच जगतील, त्यातली एक फाटकाजवळ जाईल.

आणि एक राहिलं. मार्च संपता संपता तुमच्याकडेही कूलर बसेल. तो कोणत्या खिडकीला लागतो, आणि त्याचं पाणी कुठे गळतं, हे तुम्ही लिहिलेलं नाही. ती कुंडी त्याच्या खाली येत असेल तर छाटणीच्याच दिवशी हलवून टाका. नंतर फांद्या वाढल्या, काटे कडक झाले, की हलवायला दोन माणसं लागतात.